पत्त्याचा पुरावा : येरवड्यातील संशोधनपत्रिकेची परंपरा आणि अध्यापकांना येणारी बनावट निमंत्रणे

गोषवारा

संशोधनपर लेखन करणाऱ्या अध्यापकांना ई-मेल व भ्रमणध्वनीवरून लेख मागविणारी जी निमंत्रणे येतात, त्यांतील पुष्कळशी फसवी असतात. ती ओळखण्याचा प्रश्न तांत्रिक मानला जातो. परंतु त्याला इतिहासही आहे. छापील नियतकालिकाची विश्वासार्हता कोणत्या खुणांवर उभी होती, त्या खुणांची नक्कल कशी होत गेली आणि शासकीय याद्यांनी हा प्रश्न कितपत सोडविला, याचा विचार येरवडा येथील डेक्कन कॉलेजच्या संशोधनपत्रिकेच्या पार्श्वभूमीवर प्रस्तुत निबंधात केला आहे.

बीजसंज्ञा : संशोधनपत्रिका, प्रतिरूप नियतकालिक, आय.एस.एस.एन., यू.जी.सी.-केअर, डेक्कन कॉलेज.

प्रस्तावना

नियतकालिकाचा इतिहास हा जसा विचारांचा इतिहास आहे, तसाच तो विश्वासाचाही इतिहास आहे. लेखक आपला लेख अनोळखी संपादकाच्या हाती सोपवितो, वाचक अनोळखी लेखकाचे विधान प्रमाण मानतो, आणि या दोघांमध्ये नियतकालिकाचे नाव जामीन म्हणून उभे असते. हे नावच कोणी चोरले तर लेखक आणि वाचक दोघेही एकाच वेळी फसतात. गेल्या दीड दशकात महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. अशा प्रसंगी केवळ पैसे जात नाहीत. वर्षानुवर्षे केलेले प्रामाणिक काम चुकीच्या ठिकाणी छापले जाऊन निरुपयोगी ठरते आणि पदोन्नतीच्या वेळी लेखकाच्याच प्रामाणिकपणावर प्रश्नचिन्ह उभे राहते.

छापील काळातील विश्वासाच्या खुणा

१८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, तसेच प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ देणे बंधनकारक केले. नियतकालिकाच्या मुद्रक-प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापन करावे लागे. कायद्याचा हेतू छापील मजकुरावर नजर ठेवण्याचा होता. तथापि त्याचा एक अनपेक्षित लाभ वाचकाला झाला. अंकाच्या शेवटच्या पानावरील 'मुद्रक, प्रकाशक, स्थळ' ही बारीक अक्षरांतील ओळ म्हणजे या मजकुराची जबाबदारी कोणावर व तो माणूस कोठे सापडेल, याची लेखी कबुली होती. हा अधिनियम दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२३ च्या प्रेस व नियतकालिके नोंदणी अधिनियमाने त्याची जागा घेतली.

या अधिनियमानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६८ साली, डेक्कन कॉलेज येरवड्यातील आपल्या दगडी इमारतीत आले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून या संस्थेची परंपरा सांगितली जाते. येरवड्यातील वास्तूला सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा मोठा हातभार लागला होता. १९३४ साली सरकारने हे महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांच्या चिकाटीमुळे १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि त्याच वर्षी संस्थेची संशोधनपत्रिका, म्हणजे 'बुलेटिन', सुरू झाली. ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे, सु. मं. कत्रे यांच्यासारख्या विद्वानांच्या कार्याशी या संस्थेचे नाव जोडले गेले.

या पत्रिकेची ओळख तीन गोष्टींनी ठरत असे. एक, तिला ठिकाण होते. लेख कोठे पाठवावा आणि तक्रार कोठे करावी, हे येरवड्याच्या टेकडीवरील एका इमारतीकडे बोट दाखवून सांगता येत असे. दोन, तिला विषयाची मर्यादा होती. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृतविद्या व तत्संबंधित क्षेत्रांच्या बाहेरचा लेख तेथे आला असता तर वाचकाला आश्चर्य वाटले असते. तीन, तिला स्वतःची गती होती. याच संस्थेत १९४८ साली हाती घेतलेल्या संस्कृत महाकोशाचा पहिला भाग १९७६ साली प्रसिद्ध झाला. जेथे एका कोशाच्या पहिल्या भागासाठी अठ्ठावीस वर्षे थांबण्याची तयारी होती, तेथे 'तीन दिवसांत प्रसिद्धी' हे शब्दच परके होते.

नक्कल शक्य कशी झाली

२००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक ठरविले. २०१० च्या नियमावलीने ए.पी.आय. गुणांकन आणले आणि नेमणूक व पदोन्नती यांचा संबंध प्रकाशनांच्या संख्येशी जोडला. उद्देश संशोधनाला चालना देण्याचा होता. परंतु चांगल्या पत्रिकांची संख्या एका आदेशाने वाढत नसते. मागणी एकाएकी वाढली, पुरवठा तेवढाच राहिला, आणि मधली जागा व्यापाऱ्यांनी भरून काढली. याच सुमारास अमेरिकेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांना 'भक्षक' हे विशेषण लावले. २०१३ साली जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम सदोष लिहिलेला निबंध तीनशेहून अधिक पत्रिकांकडे पाठविला. त्यांपैकी १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. ही प्रकरणे न्यायालयापर्यंतही गेली. हैदराबाद येथील ओमिक्स या प्रकाशनसमूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा दाखल केला आणि २०१९ साली तेथील न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला.

भक्षक पत्रिका निदान स्वतःच्या नावाने वावरते. प्रतिरूप पत्रिका त्याहून पुढे जाऊन दुसऱ्याचे नाव घेते. 'अर्काइव्ह दे सियान्स' या स्विस व 'वुल्फेनिया' या ऑस्ट्रियन नियतकालिकांच्या नावांची बनावट संकेतस्थळे २०१३ पर्यंत उघडकीस आली होती. भारतात हीच युक्ती केअर यादीनंतरच्या काळात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. मुंबईचे 'मुक्त शब्द' हे मराठी वाङ्मयीन मासिक. त्याच्या नावाने व क्रमांकाने चालविलेल्या इंग्रजी संकेतस्थळावर अभियांत्रिकीपासून व्यवस्थापनापर्यंतचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. म्हैसूरच्या 'स्टडीज इन इंडियन प्लेस नेम्स' या स्थलनामांच्या अभ्यासाला वाहिलेल्या पत्रिकेच्या, आणि कोलकात्याच्या संस्कृत कॉलेजच्या 'अवर हेरिटेज' या पत्रिकेच्या वाट्यालाही हेच आले.

या उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. नक्कल झाली ती प्रामुख्याने भारतीय भाषा, प्राच्यविद्या व मानव्यविद्या या क्षेत्रांतील छापील पत्रिकांची. अशा पत्रिका नामांकित असत, परंतु महाजालावर त्यांचे अस्तित्व नसे किंवा असले तरी क्षीण असे. ज्या घराला पाटी नाही, त्या घरावर कोणीही आपली पाटी लावू शकतो. म्हणून मराठीतून लिहिणारा अध्यापक या फसवणुकीत दोनदा बाधित होतो. त्याला फसवे निमंत्रण येते, आणि ज्या पत्रिकेत त्याने खरोखर लिहावे तिचे नावही संशयास्पद होऊन बसते.

याद्यांचा आधार आणि त्याची मर्यादा

जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी प्रसिद्ध केली. तीत अडतीस हजारांहून अधिक नावे होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीची तपासणी करून तिचे निष्कर्ष २०१८ च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडले. विद्यापीठांनी सुचविलेल्या ५,६९९ पत्रिकांतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,३३६ पैकी, प्रमुख निर्देशसूचींत असलेल्या ३२७ वगळून, १,००९ पत्रिका तपासण्यात आल्या. त्यांतील ३४.५ टक्के पत्रिका पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारख्या प्राथमिक माहितीतच अपात्र ठरल्या. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी आय.एस.एस.एन., इम्पॅक्ट फॅक्टर किंवा निर्देशसूचीविषयी खोटी माहिती दिलेली आढळली अथवा त्यांच्या संपादकांची पात्रताच संशयास्पद होती. थोडक्यात, १८६७ च्या कायद्याने मागितलेली गोष्ट, म्हणजे जबाबदार माणसाचे नाव आणि पत्ता, एकविसाव्या शतकातील एक तृतीयांशाहून अधिक पत्रिका देऊ शकल्या नाहीत.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून वगळल्या. त्याच वर्षी 'केअर' या संघाची घोषणा झाली आणि जून २०१९ पासून तिची संदर्भयादी लागू झाली. यादीचे काम पुणे विद्यापीठातील प्रकाशननीती केंद्राकडे होते. येथेच इतिहासाने एक उपरोधिक वळण घेतले. यादी जितकी निवडक झाली, तितकी यादीतील नावाची किंमत वाढली. आणि ज्या नावाला किंमत, त्याची नक्कल ही ठरलेलीच. 'मुक्त शब्द' केअरच्या यादीत होते, म्हणूनच त्याचे नाव चोरण्यात नफा होता. केअरला शेवटी प्रतिरूप पत्रिकांची वेगळी नोंद ठेवून खरी व खोटी संकेतस्थळे शेजारी शेजारी दाखवावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केल्याचे जाहीर केले. पत्रिका निवडण्याची व पारखण्याची जबाबदारी आता अध्यापक आणि त्यांच्या संस्था यांच्याकडे परत आली आहे.

निमंत्रण पारखण्याचे निकष

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक नवी खूण काही काळ उपयोगी पडली आणि मग तिची नक्कल झाली. आय.एस.एस.एन. हा आठ अंकी क्रमांक केवळ ओळखक्रमांक आहे. तो गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, आणि खऱ्या पत्रिकेचा क्रमांक जसाच्या तसा उतरवून घेणे कोणालाही शक्य आहे. म्हणून एकट्या खुणेवर न विसंबता अनेक खुणा परस्परांशी जुळतात का, हे पाहणे इष्ट ठरते.

१. निमंत्रणात लेखकाच्या विषयाचा नेमका उल्लेख आहे, की कोणालाही पाठविता येईल अशी स्तुती आहे, हे पाहावे. 'सर्व विषयांचे लेख स्वीकारले जातील' हे वाक्य जर स्थलनामांच्या वा वाङ्मयाच्या पत्रिकेच्या नावाखाली आले असेल, तर तेवढेच पुरेसे आहे.

२. स्वीकृतीची मुदत दिवसांत सांगितली असेल तर परीक्षण होणार नाही, असाच तिचा अर्थ होतो. लेख वाचावयास परीक्षकाला वेळ लागतोच.

३. शुल्क कोणाच्या खात्यात मागितले आहे, हे पाहावे. संस्थेच्या पत्रिकेचे पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात किंवा यू.पी.आय. क्रमांकावर जाण्याचे कारण नसते.

४. निमंत्रणातील दुव्यावरून संकेतस्थळावर न जाता, प्रकाशक संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरून पत्रिकेपर्यंत पोहोचता येते का, हे तपासावे. प्रतिरूप पत्रिका बहुधा येथेच उघडी पडते.

५. ग्रंथालयातील जुना छापील अंक काढून त्यावरील संपादक, पत्ता व विषय यांची नव्या संकेतस्थळाशी तुलना करावी. शंका राहिल्यास अंकावरील टपाली पत्त्यावर पत्र लिहावे.

शेवटचा निकष कालबाह्य वाटण्याचा संभव आहे. परंतु नक्कल करणाऱ्याला संकेतस्थळ एका रात्रीत उभारता येते. ऐंशी वर्षांचे बांधीव खंड ग्रंथालयाच्या फडताळात नेऊन ठेवता येत नाहीत. ग्रंथपालाचे स्थान या प्रक्रियेत म्हणूनच महत्त्वाचे आहे.

समारोप

फसवी निमंत्रणे ही अध्यापकाच्या भोळेपणामुळे यशस्वी होतात, असे मानणे एकांगी ठरेल. प्रकाशन हे ज्ञानव्यवहाराऐवजी गुणांचे साधन झाले, तेव्हाच त्यांना बाजार मिळाला. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.पूर्व प्रकाशनाची सक्ती काढून टाकली, ही या दृष्टीने स्वागतार्ह घटना होय. तरीही दोन कामे महाविद्यालयांनीच करावयाची आहेत. आपल्या पत्रिकांचे मागील अंक, संपादक मंडळ व पत्ता स्वतःच्या संकेतस्थळावर उघडपणे ठेवणे, म्हणजे रिकामी जागा नक्कलखोरांना मिळणार नाही. आणि सहकाऱ्याची फसवणूक झाल्यास त्याला दोषी न ठरविता ती गोष्ट उघडपणे सांगता येईल, असे वातावरण निर्माण करणे. लाजेने झाकलेली फसवणूक पुढच्या अध्यापकालाही फसविते. येरवड्याच्या पत्रिकेने १९३९ पासून जी पत घडविली, तिच्या मुळाशी माणसे, ठिकाण आणि धीर होता. मराठीतील लहानमोठ्या संशोधनपत्रिकांना आपले नाव राखावयाचे असेल, तर त्यांनाही याच तीन गोष्टींचा आधार घ्यावा लागेल.