ख्रिस्तपुराण आणि तें राखणारे हात

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या देवालयाच्या दगडी भिंतींचा इतिहास आवडीनें सांगतों. परंतु श्रद्धेचें आणखीहि एक मंदिर असतें, आणि तें भाषेंत बांधलेलें असतें. कोंकणांतील ख्रिस्ती जनांसाठीं असें मंदिर फादर टॉमस स्टीफन्स यांनीं बांधिलें. तें कसें उभें राहिलें आणि कोणीं राखिलें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. येशूसंघांत प्रवेश करून ते १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, ते १६१९ सालीं देहावसान होईपर्यंत स्वदेशीं परतले नाहींत. त्यांचें आयुष्य बहुतांशीं साष्टी प्रांतांत गेलें. तेथील लोकांची बोली कोंकणी. परंतु पुराणें व भक्तिकाव्य ते मराठींत ऐकत. स्टीफन्स यांनीं दोन्ही भाषा आत्मसात् केल्या. त्यांचें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, रायतूर येथें छापलें गेलें.

त्या काळीं साष्टीचें मन जखमी होतें. १५६७ सालीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं होतीं आणि जुन्या पोथ्या वर्ज्य ठरल्या होत्या. ही गोष्ट आज झांकून ठेवणें सत्यास धरून होणार नाहीं. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या हातून पोथी गेली होती, परंतु तिच्या जागीं दुसरी आली नव्हती. तुम्ही जुनीं पुराणें वारिलीं, तर आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं, अशा अर्थाचा प्रश्न ग्रंथारंभीं कवीनें एका श्रोत्याच्या मुखीं घातला आहे. तक्रार न्याय्य होती, आणि ती ऐकून घेण्याइतकें मोठें मन ह्या धर्मगुरूपाशीं होतें.

‘ख्रिस्तपुराण’ हें त्या प्रश्नाचें उत्तर होय. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ओव्या सुमारें अकरा हजार असून पहिल्या पुराणांत जुन्या करारांतील कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. ज्या ओवीनें ज्ञानेश्वर व एकनाथ घरोघरीं पोंचले, तीच ओवी कवीनें घेतली. स्वर्गास त्यानें वैकुंठ म्हटलें. पवित्र आत्म्याचें नांव मात्र पाश्चात्त्यच ठेविलें. पुष्पें, सुगंधी द्रव्यें, पक्षी व वृक्ष यांच्या उपमांनीं त्यानें मराठीची थोरवी गाइली. परक्या देशांतून आलेल्या माणसानें आपल्या भाषेचा असा गौरव केला, ही गोष्ट प्रत्येक मराठी वाचकास अभिमानास्पद वाटावी.

पुढील कथा मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. १६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला. परंतु ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज विजरईनें फर्मान काढिलें, कीं लोकांनीं आपली बोली टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागावें. छापखाना गेला, राजाश्रय गेला. तरी ग्रंथ मेला नाहीं; कारण सामान्य भाविकांनीं तो हातानें उतरून घेतला व घरीं गाइला. एक देवनागरी हस्तलिखित तर लंडनच्या ग्रंथालयांत सांपडलें. गोव्याहून मंगळूराकडे गेलेल्या कुटुंबांनीं तो सोबत नेला. १७८४ सालीं टिपूनें तेथील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदीवासांत नेलें, तेव्हां ह्याच ओव्यांनीं त्यांस धीर दिला, अशी परंपरेची साक्ष आहे. मंगळूरकडील हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं तो पुन्हां छापिला, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली.

सारांश, कवीनें ग्रंथ रचिला खरा, पण तो जिवंत ठेविला तो ज्यांचीं नांवें कोणत्याहि पुस्तकांत नाहींत अशा माणसांनीं. आपल्याहि घरांत एखाद्या पेटींत आजोबांच्या हातची जुनी वही असेल. एखाद्या आजीस उपवासकाळांतील दुःखसहनाचें गाणें अद्याप मुखोद्गत असेल. ज्युबिलीच्या वर्षीं ती वही उघडावी व तें गाणें लिहून घ्यावें. चुन्याच्या भिंतीस पुन्हां रंग देतां येतो. विसरलेला शब्द मात्र परत आणतां येत नाहीं.