क्लारा शूमान हिची कारकीर्द व तिचीं साधनें

कागद कोणाच्या हातचा आणि वचन कोणाचें, हा प्रश्न दप्तरें चाळणारांस नित्याचा आहे. पत्र धन्याच्या नांवें निघतें, पण अक्षर चिटणिसाचें असतें; पोथीचा कर्ता एक, लेखक दुसरा. हा भेद न ओळखतां केलेलें संशोधन पदोपदीं अडखळतें. जर्मनींतील एका थोर पियानोवादिकेचें चरित्र पाहतांना याच प्रश्नाचें एक विलक्षण उदाहरण आढळलें. तें येथें वाचकांपुढें ठेविलें आहे.

क्लारा शूमान, माहेरची क्लारा वीक, हिचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजीं लाइप्झिग येथें झाला व २० मे १८९६ रोजीं ती फ्रांकफुर्ट येथें वारली. नऊ वर्षें पुरीं होतांच ती लोकांसमोर वाजवूं लागली, तें १८९१ पर्यंत. या त्रेसष्ट वर्षांच्या कारकीर्दीचीं लेखी साधनें मुख्यतः तीन प्रकारचीं आहेत : रोजनिशी, पत्रें आणि जलशांच्या छापील कार्यक्रमपत्रिका.

प्रथम रोजनिशीचा विचार करूं. पिता फ्रीडरिख वीक हा पियानो शिकवीत असे व पियानोंचा व्यापारही करीत असे. आईबाप विभक्त झाल्यावर मुलगी त्याच्यापाशीं राहिली. तिला आठ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्यानें तिच्या नांवाची वही घातली. या वहींत 'मी' म्हणजे क्लारा आणि 'माझे वडील' म्हणजे तो स्वतः; अक्षर मात्र त्याचें! चार-पांच वर्षांची होईपर्यंत ही मुलगी बोलत नव्हती, ही हकीकतही तेथें प्रथमपुरुषींच नोंदलेली आहे. पुढें ती स्वतः लिहूं लागली, तरी पित्याची देखरेख सुटली नाहीं. तेव्हां या वह्यांतील तारखा व गांवें खुशाल घ्यावीं. परंतु मुलीच्या मनाचे भाव म्हणून जें लिहिलें आहे, तें अक्षर पाहिल्यावांचून तिचें मानूं नये.

रोबेर्ट शूमान या रचनाकाराशीं तिचा विवाह होण्यास पित्याचा विरोध होता. न्यायालयाची अनुज्ञा मिळवून १२ सप्टेंबर १८४० रोजीं, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, तो विवाह झाला. दुसऱ्याच दिवशीं पतिपत्नींनीं पाळीपाळीनें लिहावयाची एक सामाईक रोजनिशी सुरू केली. येथें मात्र हात व वचन यांचा मेळ बसतो.

आतां कार्यक्रमपत्रिका. अशा पत्रिका बहुधा जलसा संपतांच केरांत जातात. या बाईच्या संग्रहांत मात्र १८२८ पासून १८९१ पर्यंतच्या सुमारे १,३०० पत्रिका असून त्या त्स्विकाउ येथील रोबेर्ट-शूमान-गृहांत जतन केलेल्या आहेत. २० ऑक्टोबर १८२८ रोजीं लाइप्झिगच्या गेवांडहाउस सभागृहांत ती दुसऱ्या एका वादिकेच्या जलशांत प्रथम आली; ८ नोव्हेंबर १८३० रोजीं तेथेंच तिचा स्वतःचा पहिला जलसा झाला. ९ नोव्हेंबर १८३५ रोजीं तिनें स्वरचित कॉन्चेर्टो वाजविला, तेव्हां वाद्यवृंदाचें नेतृत्व मेंडेल्सझोन याजकडे होतें. आरंभींच्या पत्रिकांत काल्कब्रेनर, हेर्त्स, पिक्सिस अशा, बोटांची चपलाई दाखविणाऱ्या रचनाकारांचीं नांवें दिसतात. पुढें पुढें बाख, बेटोव्हेन, शोपाँ आणि शूमान हीं नांवें त्यांची जागा घेतात. हें अभिरुचीचें स्थित्यंतर कोणी मागाहून सांगितलेलें नाहीं. तें तारीखवार छापलेलें आहे.

तिला लाभलेला सर्वांत मोठा सन्मान व्हिएन्नाचा. मार्च १८३८ मध्यें, अठराव्या वर्षीं, ऑस्ट्रियाच्या बादशहानें तिला दरबारी वादिकेची पदवी दिली. ती परदेशी व प्रॉटेस्टंट असल्यामुळें हा प्रघात मोडूनच दिलेला मान होता. त्या सालीं व्हिएन्नांत निघालेल्या तिच्या शिळाछाप चित्रावरूनच १९९० च्या जर्मन १०० मार्कांच्या नोटेवरील मुद्रा घेतली, हें नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस रुचेल.

१८५४ च्या फेब्रुवारींत शूमान यास वेड लागून त्यानें आत्मघाताचा प्रयत्न केला. १८५६ च्या जुलैंत तो वारला. सात मुलांचा भार तिच्यावर पडला. शेवटचें मूल चार महिन्यांचें असतां ती जलशांच्या प्रवासास निघाली. पुढें केवळ इंग्लंडांतच ती एकोणीस वेळां गेली.

१८७८ मध्यें फ्रांकफुर्ट येथें होख संगीतविद्यालय उघडलें, तेव्हां क्लारा तेथें पियानोची मुख्य शिक्षिका झाली व १८९२ पर्यंत शिकवीत राहिली. मारी व ऑयगेनी या मुली तिला साह्य करीत. या विद्येचा पुरावा कागदावर कसा मिळावा? तो शिष्यांच्या हातीं आहे. फॅनी डेव्हिस या शिष्येनें १९२८ सालीं शूमानचा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. तो आजही ऐकावयास मिळतो. कार्यक्रमपत्रिकांतही एक उणीव आहे. दोन रचनांच्या मध्यें क्लारा आयत्या वेळीं सुचलेले आलापवजा स्वरप्रबंध वाजवी. ते पत्रिकेंत कोठून असणार? १८९५ सालीं मुलींच्या आग्रहावरून तिनें त्यांपैकीं कांहीं लिहून काढले, म्हणून ते वांचले.

शेवटीं एक दुःखद गोष्ट. पतीची समग्र संगीतरचना तिनें १८८१ ते १८९३ या काळांत संपादून काढली. तरी त्याच १८९३ सालीं, पतीच्या कीर्तीस शोभणार नाहींत अशा समजुतीनें, १८५३ मधील चेल्लो व पियानो यांकरितां रचलेल्या पांच रचना तिनें जाळून टाकल्या. त्याच वर्षींचा व्हायोलिनचा कॉन्चेर्टोही तिनें छापूं दिला नाहीं. पण त्याची प्रत योआखिम या वादकापाशीं राहिली, पुढें बर्लिनच्या ग्रंथालयांत गेली आणि १९३७ सालीं छापली गेली. ब्राम्सशीं १८८७ मध्यें पत्रांची अदलाबदल झाल्यावर तिनें आपलीं पत्रें नष्ट करण्यास आरंभ केला होता. मारीनें विनवून हात धरला, म्हणून उरलेलीं राहिलीं. उत्तरायुष्यांतील रोजनिशीचीं मूळ पुस्तकें आज हयात नाहींत. लिट्समान यानें १९०२ ते १९०८ या काळांत तीन खंडांत छापिलेले उतारेच काय ते आपल्या हातीं आहेत.

तात्पर्य, जिनें १,३०० चिटोऱ्या जपल्या, तिनेंच पतीचीं संगीतपत्रें अग्नींत घातलीं, आणि दोन्ही कृत्यें निष्ठेनेंच केलीं. कागद जपणाऱ्याचा हात हाच पुष्कळदां तो नाहींसा करणाराही असतो. म्हणून संग्राहकानें योग्यायोग्यतेचा निवाडा पुढील पिढीवर सोपवावा, व आज हातीं आलेला कागद, मग तो क्षुल्लक कां असेना, ठेवावा. व्हायोलिनचा कॉन्चेर्टो एका मित्राच्या संग्रहामुळें वांचला. चेल्लोच्या पांच रचना तशा कोणाच्या हातीं राहिल्या नाहींत.