व्हिक्टोरियातील वणवे

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया राज्यात उन्हाळ्यात लागणारे विनाशकारी वणवे. हवामानाचा वणव्यांशी असलेला संबंध ज्या प्रदेशांच्या अनुभवातून स्पष्ट झाला, त्यांत या राज्याचे स्थान महत्त्वाचे आहे. येथील मोठे वणवे वारांच्या नावांनी ओळखले जातात : काळा गुरुवार (६ फेब्रुवारी १८५१), काळा शुक्रवार (१३ जानेवारी १९३९), राखेचा बुधवार (१६ फेब्रुवारी १९८३) व काळा शनिवार (७ फेब्रुवारी २००९). यांपैकी राखेचा बुधवार हे नाव मूळचे ख्रिस्ती उपवासपर्वाच्या पहिल्या दिवसाचे असून वणवा नेमका त्याच दिवशी भडकला. वर्षाऐवजी वाराने ओळखण्याची ही प्रथा अर्थपूर्ण आहे. कारण महिनोन्महिने साचत आलेल्या शुष्कतेचे पर्यवसान प्रत्येक वेळी एकाच दिवसाच्या हवेत झाले.

हवामानाचे कार्य : वणव्याची पूर्वतयारी अवर्षण करते. जाड ओंडके व जमिनीवरील पालापाचोळ्याचे खोल थर वाळण्यास कित्येक आठवडे किंवा महिने लागतात. उलट सुटी पाने, गवत व काटक्या यांतील ओलावा हवेच्या सापेक्ष आर्द्रतेनुसार काही तासांतच कमीजास्त होतो. म्हणून दीर्घ अवर्षणानंतर एखादा उष्ण व कोरडा दिवस उगवला, तर लहानमोठे सर्वच इंधन एकदम ज्वालाग्राही बनते. येथील निलगिरीच्या अरण्यांत तैलयुक्त पाने व सालीच्या लांब पट्ट्या त्यात भर घालतात. पेटलेल्या साली वाऱ्याबरोबर कित्येक किमी. पुढे जाऊन पडतात आणि तेथे नव्या आगी लागतात. त्यामुळे रस्ते, नद्या वा मोकळे पट्टे यांचा अडथळा उरत नाही.

अशा दिवशीची वातावरणीय स्थिती बहुधा ठराविक असते. पूर्वेकडील टास्मान समुद्रावर प्रत्यावर्त स्थिरावतो व पश्चिमेकडून शीत सीमापृष्ठ जवळ येते. या दोहोंमधून खंडाच्या अंतर्भागातील तप्त, कोरडी हवा जोरदार उत्तरी वाऱ्याच्या रूपाने राज्यावर येते व आग दक्षिणेच्या रोखाने लांबट जिभेसारखी पसरते. सीमापृष्ठ पोहोचताच वारा अकस्मात नैर्ऋत्येचा होतो. तपमान उतरते, परंतु आगीची लांबलचक पूर्वेकडील बाजू एकदम तिची आघाडी बनते. गारव्याची चाहूल देणारा हा वाराच सर्वांत घातक ठरतो.

इतिहास : १८५१ च्या वणव्यात सुमारे ५० लाख हेक्टर म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश राज्य होरपळले, वस्ती विरळ असल्याने मनुष्यहानी मात्र थोडी झाली. विल्यम स्ट्रट या चित्रकाराने १८६४ मध्ये या प्रसंगावर भव्य चित्र रंगविले.

१९३९ चा वणवा दीर्घ अवर्षणानंतर लागला. डोंगरांत आधीपासूनच लहान आगी धुमसत होत्या व त्या पूर्णपणे विझविण्याची निकड कोणास वाटली नव्हती. १३ जानेवारीस मेलबर्न येथे ४५·६° से. तपमान नोंदले गेले आणि वादळी उत्तरी वाऱ्याने या आगी एकवटल्या. ७१ लोक मृत्युमुखी पडले, सुमारे २० लाख हे. क्षेत्र जळाले व डोंगरांतील अनेक लाकूडगिरण्या त्यांच्या वसाहतींसह नष्ट झाल्या. न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात आगी मानवी हातांनीच लागल्याचे स्पष्टपणे नमूद केले. हवामानाने संहार घडविला, परंतु ठिणगी माणसाची होती, असा या निष्कर्षाचा मथितार्थ होय. १९४४ च्या वणव्यांनंतर स्ट्रेटन यांनीच दुसरी चौकशी केली व १९४५ मध्ये ग्रामीण अग्निशमन प्राधिकरण अस्तित्वात आले.

ॲलन मॅकार्थर या वनशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात तपमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग व अवर्षणाची तीव्रता यांवरून धोक्याचा निर्देशांक काढण्याची पद्धत सिद्ध केली. तीत १०० हा अंक १९३९ च्या काळ्या शुक्रवारच्या स्थितीवरून ठरविण्यात आला. एका आपत्तीची स्मृती अशा रीतीने मोजपट्टी बनली.

१९८२–८३ मधील एल निनोच्या अवर्षणानंतर १६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरियात ४७ व शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात २८ लोक दगावले. व्हिक्टोरियातील बहुतेक मृत्यू वारा फिरल्यानंतर घडले. याउलट जानेवारी २००३ मध्ये विजा पडून डोंगराळ भागात ८० हून अधिक आगी लागल्या आणि अनेक आठवड्यांत १० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले, तरी तशी जीवितहानी झाली नाही. आगीचा विस्तार आणि तिची प्राणघातकता या भिन्न गोष्टी होत, हे यावरून दिसते.

७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचे तपमान ४६·४° से. पर्यंत चढले व अनेक ठिकाणी निर्देशांक १०० च्या बराच वर गेला. किलमोर ईस्ट येथील सर्वांत प्राणघातक आग वीजवाहक तार तुटून लागली. सायंकाळी वारा फिरल्यावर दुसऱ्या एका आगीने मेरीझव्हिल हे गाव जवळजवळ पूर्ण नष्ट केले. त्या दिवशीच्या वणव्यांत एकूण १७३ लोक मरण पावले. हवामानखात्याने धोक्याची पूर्वसूचना आधीच दिली होती. तथापि प्रत्यक्ष आग कोणत्या गावाकडे वळत आहे, ही माहिती अनेक रहिवाशांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही. त्यानंतर १०० च्या वरील स्थितीसाठी ‘महाविनाशक’ अशी नवी श्रेणी निर्माण करून अशा दिवशी घर वाचविण्यासाठी न थांबता आधीच निघून जाण्याचा सल्ला देण्यात येऊ लागला. १ सप्टेंबर २०२२ पासून मॅकार्थर पद्धतीची जागा वनस्पतींचे प्रकारही विचारात घेणाऱ्या राष्ट्रीय पद्धतीने घेतली आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा हंगाम तापमानवाढीमुळे लांबत चालला असून १९३९ मध्ये कमाल मानलेली मर्यादा एकदा ओलांडली गेल्याने, जुन्या अनुभवावरून पुढील धोक्याचा अंदाज बांधणे अधिकाधिक अवघड होत आहे.