बल्लारपूर इंडस्ट्रीज लिमिटेड

बल्लारपूर इंडस्ट्रीज लिमिटेड (लघुनाम : बिल्ट) ही चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथे उगम पावलेली कागदनिर्मिती कंपनी आहे. लाला करमचंद थापर यांनी १९४५ मध्ये 'बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स' या नावाने तिची स्थापना केली. १९७५ मध्ये सध्याचे नाव देण्यात आले.

कच्चा माल
वर्धा नदीचे पाणी आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबू हे या उद्योगाचे मूळ आधार होत. पुढे बांबूच्या जोडीला निलगिरी व सुबाभूळ यांचे लाकूड वापरात आले. वनहक्क कायदा, २००६ अन्वये ग्रामसभांना वनोपजावर हक्क मिळाले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ पासून आपला बांबू स्वतः विकण्यास प्रारंभ केला. परिणामी बांबूचा दर ठरविण्यात गावालाही स्थान मिळाले.

विस्तार
कंपनीने २००१ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथील कारखाना घेऊन गुळगुळीत मुलामा दिलेल्या छपाई-कागदाच्या बाजारपेठेत बळ वाढविले. २००७ मध्ये मलेशियातील सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही कंपनी ताब्यात घेतल्याने लगद्यासाठी वनक्षेत्रही उपलब्ध झाले.

उतरता काळ
तेलंगणातील कमलापुरम येथील रेयॉन-लगद्याचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि तेथील कामगारांचा रोजगार गेला. कर्जबाजारी झालेल्या कंपनीविरुद्ध जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने फिनक्वेस्ट फायनान्शियल सोल्युशन्सची पुनर्रचना योजना मंजूर केली.