लोकनाट्याचा फड आणि रुपेरी पडदा



ज्या मुलखात आपण आज जमलो आहोत, त्याच्या कीर्तीचा विचार करताना आपल्याला मालवणचा किल्ला आठवतो, दशावतार आठवतो, सावंतवाडीची लाकडी खेळणी आठवतात. परंतु याच सावंतवाडीत मूळ असलेल्या कलावंतिणींच्या एका घराण्यातील मुलीने मराठी बोलपटाला तमाशातील नायिकेचे रूप दिले, याचे स्मरण आपण क्वचितच करतो. तिचे पाळण्यातले नाव रतन साळगावकर. महाराष्ट्र तिला हंसा वाडकर म्हणून ओळखतो.

तिचा जन्म 1923 सालचा. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली निघाला आणि अवघ्या चार वर्षांनी, 1936 साली, ही तेरा वर्षांची पोर ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. घरच्या गरजेपुढे शाळा मागे पडली होती. आत्या इंदिराबाई वाडकर यांचे आडनाव तिने घेतले. पुढे बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ (1939) आला आणि प्रभातचा ‘संत सखू’ (1941) आला. सखूच्या भूमिकेत प्रेक्षकांनी तिला मनोमन हात जोडले.

आणि मग 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. दिग्दर्शन व्ही. शांताराम आणि बाबूराव पेंटर यांचे, लेखणी गदिमांची. संगीत होते वसंत देसाई यांचे, म्हणजे पुन्हा आपल्याच कुडाळ परिसरातील सोनवड्याच्या सुपुत्राचे. कालपर्यंतची संत सखू आता पायांत चाळ बांधून उभी राहिली. ती तमाशाच्या फडात वाढलेली नव्हती. तरीही तिची ठेवण पुढील तमाशापटांना आदर्श ठरली. 1959 साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये तिच्या मुलीच्या भूमिकेत कारवारकडची जयश्री गडकर नाचली. तो चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. एका पिढीने दुसरीच्या पायांत चाळ बांधले, असेच म्हणावे लागेल.

येथे एक प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत फ्रेड अस्टेअर लहानपणापासून बहिणीसह व्हॉडव्हिलच्या, म्हणजे विविध करमणुकीच्या खेळांच्या, रंगमंचावर नाचला आणि 1933 साली हॉलिवूडमध्ये गेला. तेथे त्याच्या पायांबरोबर त्याची प्रतिष्ठाही वाढली. आपल्याकडे काय झाले? जी लावणी पाहायला फडाच्या तंबूत जाण्याची मध्यमवर्गीय कुटुंबाला लाज वाटे, तीच पडद्यावर सहकुटुंब पाहिली गेली. कला प्रतिष्ठित झाली. पण कलावंत स्त्री?

याचे उत्तर हंसाबाईंनी स्वतःच दिले. त्यांची हकीकत अरुण साधू यांनी शब्दबद्ध केली, ‘माणूस’मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि 1970 साली पुस्तकरूपाने आली. नाव त्या चित्रपटाचेच, ‘सांगत्ये ऐका’. संसाराची ओढ, कमाईचे न सुटणारे जोखड, मद्याचा अंमल यांपैकी त्यांनी काहीच झाकले नाही. त्या काळी एका स्त्रीने हे सांगावे, यासाठी केवढे धैर्य लागले असेल! पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्या गेल्या. पुढे 1977 साली श्याम बेनेगल यांनी त्या आत्मकथनावरून ‘भूमिका’ काढला आणि त्यातील अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणजे पुन्हा तेच घडले! तिच्या जीवनकथेचा गौरव झाला, तोवर ती स्वतः नव्हती.

कलेचा इतिहास हा केवळ चित्रपटांच्या यादीचा इतिहास नव्हे. तो ज्यांनी घडविला, त्यांनी काय किंमत मोजली याचाही हिशेब त्यात मांडावा लागतो. दशावतारी राजाला पहाटेपर्यंत जागून दाद देणाऱ्या या मुलखाने आपल्या या लेकीचे नावही अभिमानाने घ्यावे, एवढेच माझे मागणे आहे. तिने ‘ऐका’ म्हटले होते. निदान आता तरी आपण ऐकू या.