डोळ्यातलं पाणी आणि पाच सेंट

१९७१ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. दोन्ही रस्त्याकडेला पडणाऱ्या रिकाम्या बाटल्या-डब्यांबद्दलच्या. एक प्रचंड गाजली, दुसरी त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. मला विचाराल तर खरं काम दुसरीने केलं.

आधी थोडं मागे जाऊ. पूर्वी तिथे सोडा काय, बिअर काय, बहुतेक सगळं काचेच्या बाटलीत मिळे आणि बाटलीची अनामत द्यावी लागे. कोकाकोलाच्या बाटलीला २ सेंट. बाटली परत, पैसे परत. मग ती धुऊन पुन्हा भरायची. आपल्याकडच्या गोटी सोड्याचंही तेच. गाडीपाशीच उभं राहून प्यायचा आणि बाटली तिथेच द्यायची. यात पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. बाटली महाग होती, एवढंच :)

१९३५ मध्ये बिअर डब्यात आली आणि महायुद्धानंतर 'वापरा आणि फेका'चा जमाना सुरू झाला. रिकाम्या बाटल्या गोळा करा, साठवा, वाहून न्या ही कंपन्यांची कटकट संपली. म्हणजे नाहीशी झाली असं नाही हं, ती रस्त्याकडेला जाऊन पडली!

आता १९७१ मधली पहिली गोष्ट. 'कीप अमेरिका ब्युटिफुल' या संस्थेची जाहिरात. एक मूलनिवासी माणूस होडीतून येतो, सगळीकडे घाण बघतो आणि त्याच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. सांगणं असं की प्रदूषण माणसं करतात, माणसंच ते थांबवू शकतात. बघणाऱ्याला अगदी अपराधी वाटावं अशी. गंमत म्हणजे तो नट मूळचा इटालियन कुटुंबातला निघाला. आणि ही संस्था १९५३ मध्ये उभी केली होती ती डबे-बाटल्यांच्या धंद्यातल्या कंपन्यांनीच. दोष कुणाचा? फेकणाऱ्याचा. फेकायचीच म्हणून बाटली बनवणारा मोकळा!

दुसरी गोष्ट ऑरेगन राज्यातली. रिचर्ड चेंबर्स या निसर्गप्रेमी विक्रेत्याने कल्पना लावून धरली, गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी पाठिंबा दिला, उद्योगांनी कडाडून विरोध केला. तरीही १९७१ मध्ये कायदा झाला. बिअर आणि सोड्याच्या बाटल्या-डब्यांवर ५ सेंट अनामत. उपदेश नाही, अश्रू नाहीत. रस्त्याकडेचे डबे-बाटल्या झपाट्याने कमी झाल्या.

असं का व्हावं? कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की मिळालेल्या रुपयाच्या आनंदापेक्षा गेलेल्या रुपयाचं दुःख मोठं असतं. अनामत म्हणजे बक्षीस नव्हे, आपलेच अडकलेले पैसे. आणि आपण आळस केलाच तर दुसरं कुणीतरी ती बाटली उचलतं, कारण ती आता कचरा उरलेली नसते.

पण पाच सेंट पंचेचाळीस वर्षं पाचच राहिले. महागाईत त्यांची किंमत झिजली, तशी बाटल्या परत येण्याची टक्केवारीही घसरली. २०१७ मध्ये अनामत १० सेंट केली, आणि प्रमाण पुन्हा ८० टक्क्यांच्या वर गेलं. त्या पंचेचाळीस वर्षांत माणसं आधी बिघडली आणि मग एकदम सुधारली, असं थोडंच आहे?

आपल्या देशातही हे झालंय. निलगिरीच्या जंगलात दारूच्या फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापत. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दुकानांनी बाटलीमागे १० रुपये जादा घ्यायला सुरुवात केली. बाटली आणा, पैसे न्या. बाटल्या खरोखर परत येऊ लागल्या. पिणारा तोच, जंगल तेच.

म्हणून 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' हे वाक्य ऐकलं की मला ती जाहिरात आठवते. लोकांना नावं ठेवणं सोपं आणि फुकट असतं. बाटली परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकायची, तर कुणाच्या तरी खिशाला हात घालावा लागतो. शिस्त हवीच, नाही असं नाही. पण ती आधी कुणाकडे मागायची?