अंतराळ-अद्भुत आणि मराठी वाचक : प्रतिसादाच्या इतिहासातील काही प्रश्न

एखाद्या वाङ्मयप्रकाराचे नाव समीक्षकाने नव्हे, तर वाचकाच्या नापसंतीने ठेवले जावे, असे क्वचितच घडते. ‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा त्यांपैकी एक होय. विल्सन टकर या विज्ञानकथाप्रेमी वाचकाने १९४१ मध्ये, घासून गुळगुळीत झालेल्या अंतराळ-साहसकथांची टवाळी करण्यासाठी ती प्रथम वापरली. तिला पार्श्वभूमी होती वाचकांच्या पत्रांची. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे वाचक एकमेकांना ओळखू लागले आणि त्यांचे गट बनले. तेथील वाचकाचा प्रतिसाद अशा रीतीने दस्तऐवज म्हणून उरला.

मराठीत वेगवान, शृंगाराची फोडणी दिलेल्या अंतराळ-कादंबऱ्यांची मालिका रुजली नाही. तिचे घटक मात्र विखुरलेल्या स्वरूपात आढळतात. ज्यूल व्हर्नच्या अंतराळकथा भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा रूपांतरांतून कुमारवाचकांपर्यंत आणल्या. गूढ आणि विलक्षण कथांना अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने घर दिले. नारायण धारपांनी ‘गोग्रॅमचा चितार’सारख्या लेखनात परग्रहाच्या कल्पनेला अद्भुताची जोड दिली. मालिकेची सवय बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी लावली. शृंगारप्रधान कादंबरी चंद्रकांत काकोडकरांनी लोकप्रिय केली. हे सारे घटक एका वाङ्मयप्रकारात एकत्र का आले नाहीत, हा प्रश्न लेखकांच्या क्षमतेचा कमी आणि वाचकाच्या प्रतिसादाला कोणी कोणते स्थान दिले याचा अधिक आहे.

या प्रतिसादाचे दोन लेखी पुरावे विशेष बोलके आहेत. पहिला न्यायालयीन आहे. काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. पुण्यातील एका वाचकाने ती अश्लील असल्याची तक्रार केली. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या लेखकाला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. कुमारवयीनांना लैंगिक उल्लेख वर्ज्य मानले, तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही, धार्मिक ग्रंथच उरतील, असा त्या निकालातील युक्तिवादाचा आशय होता. या खटल्यात वाचक दोन रूपांत वावरतो : तक्रार करणारा प्रौढ वाचक प्रत्यक्ष आहे, ज्याच्या नावाने भीती व्यक्त होते तो कोवळा वाचक कल्पित आहे. कथा ज्याने आवडीने वाचली, तो मात्र या चित्रात कोठेच नाही.

दुसरा पुरावा स्पर्धेचा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी येथे लेखकाची कीर्ती न जाणता संहितेलाच प्रतिसाद दिला, हे महत्त्वाचे. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनीही या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ आली, आणि विज्ञानकथेला वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा तिच्यावर शिक्कामोर्तब झाले.

परंतु या प्रतिष्ठेची किंमतही मोजावी लागली. विज्ञान हा कथेचा अनिवार्य गाभा असावा, ही अपेक्षा योग्यच होती; मात्र तिच्या आधारे विज्ञानप्रसार हेच कथेचे समर्थन मानले गेले. ज्या कथेत अंतराळयान हे केवळ साहसाचे वाहन असते, ती मग ना विज्ञानकथा ठरली, ना ललितकथा. प्रबोधनाच्या निकषाने तिला उथळ ठरवले आणि सभ्यतेच्या निकषाने संशयित. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ मध्ये मांडलेल्या ‘अपेक्षाक्षितिजा’च्या परिभाषेत सांगायचे, तर मराठीत हे क्षितिज रंजनासाठी वाचणाऱ्याने आखलेच नाही, ते परीक्षकाने आणि तक्रारदाराने आखले.

हा उरलेला वाचक कोठे शोधावा? शहापूर तालुक्यातील डोळखांबसारखे गाव येथे डोळ्यांपुढे आणता येईल. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके ज्या लोहमार्गावर आहेत, त्यापासून ते आत आहे. अशा गावातील वाचक मासिकाला पत्र लिहील किंवा न्यायालयात जाईल, ही शक्यता अल्प. त्याचा प्रतिसाद उमटणार तो पुस्तकाच्या निसटलेल्या पानांत आणि ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे गावोगावच्या ग्रंथालयांना शासकीय मान्यता आणि अनुदान मिळू लागले. अशा नोंदवह्या जेथे टिकल्या असतील, तेथे एकाच पुस्तकाची पुनःपुन्हा झालेली उचल हाही एक अभिप्रायच मानला पाहिजे.

या पुराव्यालाही मर्यादा आहेत. उचल म्हणजे आवड नव्हे; पुस्तक नेणारा एक असतो आणि वाचणारे किंवा ऐकणारे अनेक. शिवाय जे ग्रंथालयात घेतलेच गेले नाही, त्याची मागणी नोंदवहीत दिसत नाही. शृंगारप्रधान मासिकांच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे, कारण त्यांचा वाचक स्वतःच आपले वाचन लपवीत असे.

तरीही हा शोध टाळता येणार नाही. रंजनपर वाङ्मयाने अभिरुची बिघडते, असे विधान मराठी समीक्षेत वारंवार केले गेले. ते अभिरुचीविषयी असल्याने वाचकाविषयीही आहे. पण त्यासाठी वाचकाची साक्ष क्वचितच काढली गेली. अर्नाळकरांमुळे वाचनाची गोडी लागली, असे सांगणाऱ्या आठवणी मात्र विपुल आहेत. त्या वाङ्मयीन मूल्याचा पुरावा ठरत नाहीत, हे खरे; पण वाचक घडण्याच्या प्रक्रियेचा पुरावा निश्चित ठरतात. मूल्यनिर्णय करण्याचा समीक्षकाचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही. वाचकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र त्याला नोंदवही उघडल्यानंतरच मिळतो.